हरकत

बोरा बाजारात, तिसऱ्या मजल्यावर
आमच्या संघटनेची खोली.
साठ खुर्च्या, त्यातल्या अकरा डुगडुगत्या.
भिंतीवर माजी अध्यक्ष,
सगळे एकाच स्टुडिओत, एकाच कोटात काढल्यासारखे.
आणि खाली वह्या बांधणाऱ्याच्या खळीचा वास,
जिन्याने आमच्याआधी वर पोचलेला.

तिथे करता तरी काय, आई विचारायची.
भांडतो, मी सांगायचे.
एसी कुणाच्या कोटेशनने घ्यायचा, यावर तीन बैठका.
शनिवारी घसाऱ्यावर व्याख्यान
आणि पहिल्या रांगेत विद्वांसांची डुलकी.
वर्गणी थकवणाऱ्यांची यादी फळ्यावर लावावी की नाही,
हा विषय पुढच्या सभेवर,
गेली सहा वर्षं.

मग दारूखान्यातलं ते गोदाम.
कागदावर तीनशे टन तांबं.
मी स्वतः गेले. चपला काळ्या झाल्या.
शटर वर सरकलं, तर आत
एक वजनकाटा, शून्यावर स्वस्थ,
आणि त्याच्या पाटावर
पिल्लांना पाजणारी कुत्री.

शेठ म्हणाले, माल वाटेत आहे, तळपदेबाई.
कुठल्या वाटेत?
ते हसले.
सही काय हो, बाजारात मिळते.

माझ्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा त्या हसण्यात होता.
भायखळ्यापर्यंत चालत आले, मनात किर्द लिहीत:
नावे, घराचा हप्ता.
नावे, हाताखालच्या दोन पोरांचा पगार.
जमेला काय मांडावं, सुचेना.

विद्वांस त्या दिवशी जागे होते.
उपदेश नाही, पाठीवर हात नाही.
बशीत चहा ओतत म्हणाले,
"पत्र येईल. खरं ते लिही. लांबण नको."

आलं. वसईचा कुणी रॉबर्ट डाबरे:
आपल्या जागी माझी नेमणूक होत आहे,
काही हरकत असल्यास कळवावे.
आमचा नियमच आहे तसा,
नव्या सहीने आधी
जुन्या सहीचं दार वाजवायचं.
मी दोन ओळी लिहिल्या.
त्याने काम घेतलं नाही.
मग मुलुंडहून एक पत्र, मग चर्नी रोडहून.
प्रत्येकाला त्याच दोन ओळी.
तिघांपैकी एकाचाही चेहरा मी पाहिलेला नव्हता,
तरी त्या महिन्यात
मला झोप लागत होती.

चौथ्याने विचारलं नाही.
चौथ्याने सही केली.
त्या तांब्यावर एका पतपेढीने कर्ज दिलं,
आणि पतपेढीत घोडपदेवच्या लोकांनी
लग्नाचे, बाळंतपणाचे, गॅलरीला ग्रिल बसवण्याचे पैसे
ठेवलेले होते.

शिस्त समितीपुढे मी साक्षीला.
तो आला, डब्याची पिशवी सांभाळत, वय माझ्याएवढंच.
नाव इतक्या हळू सांगितलं
की अध्यक्षांना पुन्हा विचारावं लागलं.
अच्युत नेरूरकर.
मागच्या लेखापरीक्षकाला पत्र का नाही पाठवलंत?
पंखा बराच वेळ एकटाच बोलला.
मग तो माझ्याकडे बघून म्हणाला,
"विचारलं असतं, तर तुम्ही सांगितलं असतंत."

इतकं नेमकं वाक्य
त्या खोलीतल्या एकाही व्याख्यानात
मी ऐकलेलं नाही.

पाच वर्षांसाठी त्याचं नाव नोंदवहीतून काढलं.
ठराव एकमताने. ज्याने मांडला
त्याचा चष्मा दोनदा पुसून झाला.
पतपेढीबद्दल मात्र ठरावात काही नव्हतं,
ते आमच्या अखत्यारीत येत नाही.

जिन्यात त्याने बाजूला होऊन मला वाट दिली.
मी उतरले नाही.
परत वर गेले, कारकुनाला उठवलं,
आणि माझी दोन वर्षांची थकलेली वर्गणी भरली.
पावती घेतली.
रक्कम अक्षरी लिहिली आहे ना,
तेवढं पाहिलं.